गोगलगायीचं पान

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मुलगी आहे. मणक्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. मी भेटायला गेले की ती एकच विचारते, "आजी, तुम्ही एवढे महिने छताकडे बघत कसे काढलेत? वेड नाही लागलं?"

तोंडानं सांगायला बसले की मी फार भरकटते, म्हणून लिहिते आहे. लिहितानाही भरकटेनच, तेवढं सांभाळून घ्या. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढचं सगळं वाचून वाचून आणि लोकांना प्रश्न विचारून विचारून झालेलं. औषधांची नावं मी सांगणार नाही, ती तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ती कनकदीची आणि तिच्या पानांची गोष्ट. पानं म्हणजे झाडाची नव्हेत, पत्त्यांची. आणि म्हटलं तर झाडाचीही.

ट्राममधला हात

सत्तर सालच्या आगेमागे ह्यांची बदली कलकत्त्याला झाली. 'हे' म्हणजे माझे यजमान, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. भवानीपूरला दोन खोल्या, आम्ही दोघं, लेक मंजू आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई. मंजू वर्षभरात अशी बंगाली बोलायला लागली की भाजीवाला तिलाच भाव सांगायचा आणि ती मला मराठीत सांगायची.

पाठ दुखायला लागली तेव्हा मी कणीक तिंबण्याला दोष दिला, मग फरशीला, मग कलकत्त्याच्या ओलसर हवेला. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर कंबर धरतेच. आम्ही काय खाटेवर पडलो होतो का?" तेल झालं, शेक झाला, लेप झाला. एके दिवशी पाण्याची बादली उचलायला वाकले आणि सरळच होता येईना. मग मात्र हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर ह्यांच्याशी इंग्रजीत बोलले. मला कळले ते दोनच शब्द, टीबी आणि स्पाइन. परत येताना आम्ही एस्प्लनेडला ट्राममध्ये बसलो. आमचे हे असे, की लग्नाला सात वर्षं झाली तरी रस्त्यानं माझ्या चार पावलं पुढे चालायचे. त्या दिवशी भर ट्राममध्ये, समोर दोन बायका बसलेल्या असताना, ह्यांनी माझा हात धरला आणि भवानीपूर येईपर्यंत सोडला नाही. तेव्हा मला कळलं की आजार मोठा आहे.

साच्यातली मी

इस्पितळ खिदिरपूरच्या अंगाला होतं. गोदीतल्या बोटींचे भोंगे ऐकू यायचे. तिथे माझ्या पाठीच्या मापाचा प्लास्टरचा साचा केला आणि मोदकाचं सारण भरावं तसं मला त्यात ठेवलं. उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. किती दिवस? तर डॉक्टर म्हणाले, दुर्गापूजेपर्यंत बघू. तेव्हा आंब्याचे दिवस होते.

सकाळी सिस्टर यायची, सुई टोचायची. मग चहा, मग अंग पुसणं, मग डॉक्टरांची फेरी, मग माशाचा वास. मी मासे खात नव्हते, माझ्या ताटात बटाट्याचा रस्सा यायचा. लोडशेडिंग झालं की पंखा थांबायचा आणि मला करमणुकीचं तेवढंही साधन राहायचं नाही.

पहिल्या दिवशी सगळा वॉर्ड "माशी! माशी!" म्हणून ओरडत होता. मला वाटलं, केवढ्या माशा झाल्या आहेत इथे, आणि मला तर हात हलवूनही हाकलता येणार नाही. नंतर कळलं, माशी म्हणजे मावशी, वॉर्डातली आया.

आता खरं सांगायचं तर मी रडायचे. आडवं पडून रडलं की पाणी कानात जातं, हे तुमच्यातल्या ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. एकदा असंच चाललेलं असताना शेजारच्या खाटेवरून आवाज आला, मोडक्या हिंदीत, "कानात घालायला कापूस देऊ का?"

ती कनकदी.

कनकदी

मला मान थोडीशीच वळवता यायची. तेवढ्यात तिचा एक हात दिसायचा, शाई लागलेला, आणि अर्धा गाल. कितीतरी महिने माझी कनकदी म्हणजे तो हात, तो गाल आणि आवाज. पूर्ण चेहरा मी पाहिलाच नव्हता.

तिनं माझं नाव विचारलं. मी म्हटलं, विमल.

"बिमल?" ती एवढी हसली की तिच्या पायाला टांगलेली वजनं वाजली. "बिमल तर माझ्या जिजाजींचं नाव! मिशा आहेत त्यांना!"

आमच्याकडे बायकांचं नाव आहे म्हटलं, तर म्हणाली, "मग मी तुला बिमला म्हणते. जिजाजींना उगाच हाक मारल्यासारखं होईल."

कनकदी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं, श्यामबाजारला भावाकडे राहायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. दुखणं माझंच, फक्त तिच्या खुब्यात बसलेलं. पाय वजनाला बांधून तिला अर्धवट बसवून ठेवलं होतं, आणि तिची खाट खिडकीशी होती. खिडकीबाहेर जे दिसायचं त्याची ती मला बातमी द्यायची. कदंबावर आज साळुंक्या भांडतायत. आभाळाचा रंग निळीच्या पाण्यासारखा झालाय. सगळं जग मला तिच्याकडून मिळायचं.

पानं

तिला भेटायला येणारे मिठाई आणायचे. मिठाई वॉर्डात वाटली जायची आणि खोकी ती ठेवून घ्यायची. खोक्याचा पुठ्ठा कापून तिनं पत्त्यांएवढी पानं केली होती. प्रत्येकावर एक चित्र. कास गवताचा तुरा, चिखलातला खेकडा, एका पायावरचा बगळा, गंगेची ओहोटी, कणाशी झटणारी मुंगी. चित्राखाली बंगालीत एक शब्द. पानांना साखरेचा वास यायचा आणि उशीखाली ठेवली की खऱ्या मुंग्या यायच्या.

रोज सकाळी चहानंतर ती पानं पिसायची आणि हात लांब करून माझ्यापुढे धरायची. डोळे मिटून एक ओढायचं. ते पान दिवसभर उशाशी ठेवायचं, पाहिजे तेव्हा बघायचं. संध्याकाळी दिवे लागले की त्यावर काहीतरी द्यायचं, एखादी आठवण, दोन ओळी, एखादी गोष्ट. 'काही सुचलं नाही' हे चालायचं नाही.

सिस्टरनं एकदा विचारलं, "दीदी, माझं लग्न कधी होईल ते सांग ना पान काढून."

कनकदी म्हणाली, "हे भविष्य नाही गं. पानाला काय कळतंय? पान बघून तुला काय आठवतं ते सांग, तेवढंच खरं."

सिस्टरला खेकडा आला. ती म्हणाली, "माझे होणारे सासरे," आणि पळाली.

मी सुरुवातीला मनातून नाक मुरडलं होतं. पुठ्ठ्याचे तुकडे बघून काय होणार? पण तुम्हाला सांगते, दिवसेंदिवस छतच बघणाऱ्या माणसाला बगळ्याचा एक पाय म्हणजे केवढी मेजवानी! पहिल्याच आठवड्यात मला केळीचं फाटलेलं पान आलं. दिवसभर बघितलं. माझ्या माहेरी परसात केळी होत्या. वाऱ्यानं पानं चिरून जायची आणि मला लहानपणी वाईट वाटायचं. त्या दिवशी प्रथमच ध्यानात आलं, की पान फाटतं म्हणून वारा निघून जातो. न फाटतं तर केळच उन्मळून पडली असती. संध्याकाळी हे मी मोडक्या हिंदीत सांगितलं. कनकदी म्हणाली, "हे मी काढताना मला माहीत नव्हतं."

माझ्यासारखीला चित्रकलेच्या मास्तरणीनं असं म्हणावं! त्या दिवसापासून मी संध्याकाळची वाट बघायला लागले. दोन दोन ओळी जुळवायला लागले. पानांखालचे शब्द विचारून विचारून बंगाली अक्षरंही ओळखू यायला लागली. भीती गेली म्हणणार नाही. पण भीतीला आता दिवसभर एकटीलाच बसायला मिळत नव्हतं, शेजारी एक पान असायचं.

खिडकीखालची मंजू

लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत. रविवारी हे आणि सासूबाई मंजूला घेऊन यायचे. सासूबाई तिला धरून खाली कदंबाशी थांबायच्या, हे वर यायचे. मंजू खालून ओरडायची, "आई, आज काय पान आलं?"

मी पान कनकदीकडे द्यायचे, ती खिडकीतून उंच धरायची. खालून उत्तर यायचं, "बगळा! आई, मी पण काढणार बगळा!" मला ती दिसायची नाही. कनकदी सांगायची, दोन वेण्या, लाल रिबिनी, एक सुटलेली.

मंजूनं मला साच्यात बघू नये, म्हणून सासूबाई तिला वॉर्डाच्या दारापर्यंतही आणत नसत. मला राग यायचा. आता आजी झाल्यावर कळतं, त्यांनाही भीतीच वाटत होती. पण एके दिवशी मंजूला शेजारी ठेवून त्या वर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "विमल, पूजेनंतर मी सांगलीला निघते. तोवर तू पायावर उभी राहिलीस तर ठीक. नाहीतर मंजूला घेऊन जाते, तिकडेच शाळेत घालू. हा एकटा कचेरी बघेल का पोरीला बघेल?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे बोलणं घरी झालेलं होतं.

सांगली आणि कलकत्ता. मध्ये दोन दिवसांची गाडी. मला माहीत होतं, एकदा का पोरगी हावड्याहून गाडीत बसली की मग 'आई बरी होईल तेव्हा' असं चालू होईल आणि त्याला शेवट नसतो.

गोगलगाय

पूजेच्या तोंडावर साचा काढला. सिस्टर आणि माशी, दोघींनी धरून मला उभं केलं. पाय म्हणजे उकडलेले दोडके. वॉर्ड गोल फिरला आणि मी सगळ्यांच्या देखत सिस्टरच्या अंगावर कोसळले. ती बिचारी मला घेऊन खाटेवर पडली. कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नसेल, पण हसलं.

संध्याकाळी परत उभं करायला आल्या तर मी नको म्हटलं. मला नाही जमायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कनकदीनं नेहमीसारखी पानं पुढे धरली. मी ओढलं. गोगलगाय! पाठीवर शंख घेऊन भिंत चढणारी. खालची अक्षरं जोडाक्षरामुळे मला लागेनात. विचारलं, "काय लिहिलंय?"

"चेष्टा," कनकदी म्हणाली. आणि वर गोड आवाजात, "तुझ्यासाठीच काढलंय ते. काल रात्रीचं जेवण झाल्यावर बसून काढलं आणि मुद्दाम वरच ठेवलं."

माझ्या अंगाची लाही झाली. काल मी पडले. इतके महिने पाठीवर शंख घेऊन पडलेली मी, आणि ही बाई गोगलगाय काढून खाली लिहिते 'चेष्टा'! मी ते पान जमिनीवर टाकलं आणि, आता वळता येत होतं ना, तिच्याकडे पाठ केली. ती "बिमला, बिमला, की होलो?" काय झालं, काय झालं, करत राहिली. संध्याकाळी तिनं तिच्या पानाबद्दल एकटीनंच सांगितलं. मी कानात कापूस घातला. तिनंच दिलेला.

त्यानंतर, कचेरी सुटल्यावर, हे भेटायला आले. मी सगळं सांगितलं, रडत रडत. "बघा, जिला मी बहीण समजले तिनं माझी चेष्टा केली. लिहून केली!"

ह्यांनी खाली वाकून पान उचललं. बघितलं. आणि आमचे हे, जे सात वर्षांत मोठ्यानं हसले नव्हते, ते खाटेचा कठडा धरून हसायला लागले.

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"अगं, चेष्टा म्हणजे बंगालीत प्रयत्न! प्रयत्न कर म्हणतायत त्या तुला. मी इथे रुजू झालो तेव्हा आमचे साहेब रोज म्हणायचे, 'चेष्टा कोरून, चेष्टा कोरून.' मला वाटायचं, सरकारी कचेरीत साहेब चेष्टा करायला का सांगतो? आणि कुणाची करू?"

मी पान हातात घेतलं. गोगलगाय भिंतीवर बरीच वर पोचलेली होती. हे मी बघितलंच नव्हतं. तिच्यामागे ओली रेघ होती, तीही कनकदीनं काढली होती, चमकावी म्हणून पांढऱ्या खडूनं.

मी कूस वळवली आणि ह्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना, मला लाज वाटते. ह्यांनी त्यांच्या कचेरीतल्या बंगालीत सांगितलं, की मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. कनकदीच्या पायाची वजनं अशी वाजायला लागली की माशी धावत आली.

हसू ओसरल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं. आता दोन्ही करू. तू माझ्या भाषेतली चेष्टा कर आणि पडलीस की आपण दोघी मिळून तुझ्या भाषेतली करू."

मग मी जुनी पानं पुन्हा विचारून घेतली. एका पायावरच्या बगळ्याखाली 'धैर्य' होतं. मी ते हिंमत समजले होते, ती म्हणत होती, धीर धर, सबूर. मला दोन्ही लागलं, त्यामुळे काही वाया गेलं नाही.

उभी

त्यानंतर मी रोज उभी राहिले. कठडा धरून, मग सिस्टरचा खांदा धरून, मग कपाट धरून. पडलेही. पडले की कनकदी खाटेवरून ओरडायची, "चेष्टा!" आणि आता वॉर्डात कुणालाच कळायचं नाही की ही हिला धीर देते आहे का चिडवते आहे. आम्हाला कळायचं.

ह्याच दिवसांत डॉक्टरांनी तिला सांगितलं की तिचा पाय आता सरळ होणार नाही, कुबड्या लागतील. मी ऐकलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पानं पिसली, डोळे मिटून ओढलं. मुंगी आली. दिवसभर उशाशी ठेवलं. संध्याकाळी म्हणाली, "मुंगीला सहा पाय असतात. आता मला चार होणार. बढती आहे." आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. असं माणूस मी नंतर आयुष्यात पाहिलं नाही. तिला रडू येत नव्हतं असं नाही, पण तिनं त्यालाही पानाशेजारी जागा दिली होती.

मला तिच्यासाठी एक पान करायचं होतं. पुठ्ठा मागितला, पेन्सिल मागितली. काढलं सुगरणीचं घरटं, बाभळीला लटकलेलं, आणि त्याला उलटी लोंबकळून विणणारी सुगरण. वजनाला लटकून सगळ्या वॉर्डाला घर विणून देणारी दुसरी कोण होती? खाली एक शब्द लिहिला, माझ्या मनात होता तो. आदर. बंगाली अक्षरांत, जोडाक्षर नसल्यामुळे जमला.

रविवार होता. पूजा होऊन गेलेली. सासूबाईंचं सामान बांधून झालं होतं हे मला माहीत होतं. मी पान ब्लाउजमध्ये खोचलं, कठडा सोडला आणि निघाले. कुठे, तर शेजारच्या खाटेपर्यंत. एवढंसं अंतर. पण इतके महिने ते हातानंच ओलांडलेलं होतं. सिस्टर पुढे झाली तर कनकदी म्हणाली, "धरू नकोस. येतेय ती."

पोचले. तिच्या खाटेच्या दांडीला धरलं आणि प्रथमच तिचा पूर्ण चेहरा समोरून बघितला. खिडकीकडच्या गालावर तीळ होता. कुणी सांगितलंच नव्हतं मला.

तिच्यामागे खिडकी. खिडकीखाली कदंब. आणि कदंबाखाली दोन वेण्या, लाल रिबिनी.

"मंजू!" मी हाक मारली.

तिनं वर बघितलं. नेहमीसारखं पानाकडे बघायला बघितलं, आणि पानाच्या जागी मी होते. ती सासूबाईंचा पदर ओढायला लागली. सासूबाईंनी कपाळावर हात ठेवून निरखलं आणि खालूनच ओरडल्या, "अगंबाई! धरून आहेस ना नीट? बस, बस आता! पोरगी कुठे जात नाही, बस!"

मी कनकदीच्या खाटेच्या कडेला बसले. तिच्या खाटेवरचं ते माझं पहिलं बसणं. पान काढून तिच्या हातात दिलं.

"हा दुधी भोपळा का?" ती म्हणाली.

"सुगरण आहे!"

"ओ! बाबुई!" मग तिनं खालचा शब्द वाचला. दोनदा वाचला. तिचे डोळे भरले, मुंगीच्या दिवशी भरले नव्हते तेवढे. शाई लागलेला तो हात तिनं माझ्या गालावरून फिरवला आणि कितीतरी वेळ तिथेच ठेवला. म्हणाली, "आई गेल्यापासून मला कुणी हे दिलं नव्हतं."

मी मनात म्हटलं, एवढी विद्वान बाई, शाळेत शिकवणारी, हिला कुणी मान दिला नाही होय?

घरी

सासूबाई एकट्याच सांगलीला गेल्या. थोड्या दिवसांनी मी घरी आले. गोगलगायीचं पान कनकदीनं मला दिलं होतं, ते अजून माझ्याकडे आहे, साखरेचा वास मात्र गेला. वरच्या मजल्यावरच्या मुलीला मी आता पुठ्ठा नेऊन दिला आहे. चित्र चांगलं यायला पाहिजे असं काही नाही. माझी सुगरण दुधी झाली होती. रोज एक बघायचं आणि संध्याकाळी कुणाला तरी काहीतरी सांगायचं, एवढंच.

घरी आल्यावर एकदा मंजूला हे सगळं सांगत होते. म्हटलं, मी कनकदीला लिहून दिलं, आदर. त्यांना इतकं गहिवरून आलं.

"आई, तू आदर लिहिलंस?" ती खुदकन हसली. "तुला माहीतेय का आदर म्हणजे काय?"

"म्हणजे मान, अजून काय?"

"नाही गं! बंगालीत आदर म्हणजे असं," आणि तिनं तिचा चिमुकला हात माझ्या गालावरून फिरवला, अगदी कनकदीनं फिरवला होता तसा, आणि तिथेच ठेवला.

कनकदीला मी पुढे कित्येकदा भेटले, पण कधी सांगितलं नाही की मला दुसरं काही म्हणायचं होतं. आता तर वाटतं, मला दुसरं काही म्हणायचंच नव्हतं.